नेट रनरेट लावता, मग तो पाटीवरही लावा

टेनिस बॉल क्रिकेटच्या स्पर्धा भरवणारी सर्व मंडळं, त्यांचे पदाधिकारी आणि टेबलावर बसणारे माझे गुणलेखक मित्र यांस,

सप्रेम नमस्कार, वि. वि.

दिवाळी उरकली की मैदानं साफ व्हायला लागतात आणि स्पर्धांची पत्रकं छापखान्यात जातात. या मोसमाची पत्रकं जायच्या आत हे तुमच्या वाचनात यावं म्हणून घाईने लिहितोय. पत्रकावर पहिलं बक्षीस किती, प्रवेश फी किती, मालिकावीराला दुचाकी आहे की नाही, उद्घाटनाला कोण येणार, हे सगळं ठळक अक्षरांत असतं. तळाशी बारीक टायपात एक ओळ असते, 'गुण समान झाल्यास नेट रनरेटवर निर्णय होईल.' तिच्याखाली लगेच दुसरी, 'आयोजकांचा निर्णय अंतिम राहील.' रात्री अकरा वाजता मांडवात जी भांडणं होतात ती या दोन ओळींच्या मधल्या रिकाम्या जागेतून उगवतात.

माझी मागणी एकच आहे. नेट रनरेटवर संघ घरी पाठवायचे असतील, तर तो कसा काढणार हे स्पर्धेआधी लिहून द्या आणि सामना चालू असताना दोन्ही संघांना दिसेल असा मांडा. सामना संपल्यावर कोणीतरी मोबाइलचा कॅल्क्युलेटर उघडायचा, दहा मिनिटं कुजबुज करायची आणि मग स्पीकरवरून नाव पुकारायचं, ही रीत आता पुरे.

गणित तसं शाळेतलं आहे. आपण काढलेल्या धावा भागिले खेळलेली षटकं, ही आपली गती. आपण दिलेल्या धावा भागिले टाकलेली षटकं, ही समोरच्यांची. पहिलीतून दुसरी वजा केली की नेट रनरेट. तो एका सामन्याचा नसतो, साखळीतल्या सगळ्या सामन्यांचा मिळून असतो. अवांतर धावा, म्हणजे वाइड, नो-बॉल, बाय, लेगबाय, सगळ्या यात धरायच्या. वाइड आणि नो-बॉल हे चेंडू म्हणून मात्र मोजायचे नाहीत, कारण तो चेंडू पुन्हा टाकावाच लागतो.

इतकं सोपं असून घोळ होतो, आणि त्याची सुरुवात टिंबापासून होते. 5.3 षटकं म्हणजे पाच षटकं आणि तीन चेंडू, म्हणजेच साडेपाच षटकं. कॅल्क्युलेटरला हे माहीत नाही. तो बिचारा 5.3 ला साडेपाचपेक्षा कमीच धरणार. साडेपाच षटकांत 56 धावा झाल्या असतील तर गती 10.18 येते, 5.3 ने भागलं तर 10.57. साखळीतल्या पहिल्या आणि दुसऱ्या संघात कित्येकदा यापेक्षा कमी अंतर असतं. बेरजेत तर आणखी मजा. 5.4 आणि 5.5 षटकं मिळवून 10.9 षटकं लिहिलेला कागद मी डोळ्यांनी पाहिला आहे. क्रिकेटमध्ये 10.9 नावाचं षटक कुठे असतं? ते 34 आणि 35 मिळून 69 चेंडू, म्हणजे 11.3 षटकं. म्हणून गुणलेखक मित्रांनो, टेबलावर षटकं लिहूच नका. चेंडू लिहा. धावा गुणिले सहा भागिले चेंडू, की झाली गती, टिंबाची भानगडच नको.

दुसरा घोळ सरासरीची सरासरी काढण्याचा. पहिल्या सामन्यात एका संघाने 2 षटकांत 40 धावा करून सामना मारला, गती 20. दुसऱ्या सामन्यात 6 षटकांत 36, गती 6. दोन्हींची बेरीज भागिले दोन केली की येतात 13, आणि लोक तेच स्पीकरवरून सांगतात. खरं काय? 76 धावा, 8 षटकं, गती साडेनऊ. पहिल्या सामन्यातल्या दोन षटकांना दुसऱ्यातल्या सहा षटकांइतकं वजन कसं मिळेल? आधी सगळ्या धावा एकत्र करायच्या, सगळे चेंडू एकत्र करायचे, भागाकार शेवटी एकदाच.

या दोन चुका पटवून दिल्या की लोक ऐकतात. ज्या चुकीपायी मी हे पत्र लिहायला बसलो, ती पटवून देऊनही ऐकत नाहीत. ती आहे सर्वबाद झालेल्या संघाची.

गेल्या मोसमात एका स्पर्धेत, मंडळाचं नाव घेत नाही, एका संघाने समोरच्यांना झटपट गुंडाळलं आणि नेमकं त्याच कारणासाठी तो संघ बाहेर गेला. तिथले आकडे माझ्याजवळ नाहीत, म्हणून इथे सोयीसाठी मी रचलेले घेतो. कागद-पेन घेऊन सोबत बसलात तर बरं.

गटात तीन संघ, सामना सहा षटकांचा, म्हणजे 36 चेंडूंचा, आणि गटातून एकच संघ पुढे जाणार. पहिल्या सामन्यात 'अ' ने पूर्ण षटकं खेळून 60 केल्या आणि 'ब' ला पूर्ण षटकांत 52 वर रोखलं. दुसऱ्यात 'क' चा संघ चार षटकांत 30 धावांवर सर्वबाद झाला आणि 'ब' ने 31 धावा 3.2 षटकांत, म्हणजे 20 चेंडूंत काढल्या. तिसऱ्यात 'अ' ने 55 केल्या, 'क' ने 56 धावा 33 चेंडूंत काढून सामना जिंकला. प्रत्येकाचा एक विजय, एक पराभव. आता नेट रनरेट.

'अ' ने 72 चेंडूंत 115 काढल्या, गती 9.583. दिल्या 69 चेंडूंत 108, गती 9.391. नेट रनरेट अधिक 0.192. यात काही वाद नाही.

'ब' ने 56 चेंडूंत 83 काढल्या, गती 8.893. दिल्या एकूण 90. पण किती चेंडूंत? इथेच मांडवातला कॅल्क्युलेटर घसरतो. 'अ' विरुद्ध 36 चेंडू टाकले, 'क' विरुद्ध 24, एकूण 60, म्हणून 90 धावांची गती 9, आणि 'ब' चा नेट रनरेट उणे 0.107. म्हणजे 'अ' पुढे, 'ब' घरी. टाळ्या, फटाके, पुढचा सामना.

नियम असं सांगत नाही. संघ सर्वबाद झाला तर त्याची सगळी षटकं धरायची, मग तो कितीही आधी कोसळलेला असो. आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेच्या स्पर्धांत हेच होतं, आयपीएलमध्ये हेच होतं. 'क' चे चेंडू 24 नव्हे तर 36 धरायचे. मग 'ब' ने दिलेल्या 90 धावा 72 चेंडूंतल्या ठरतात, गती साडेसात, आणि नेट रनरेट अधिक 1.393. 'अ' च्या 0.192 च्या कितीतरी वर. म्हणजे पुढे जायला हवा होता तो संघ घरी गेला आणि घरी जायला हवा होता तो उपांत्य फेरी खेळला. ('क' दोन्ही हिशेबांत तिसराच. त्याला नियमाने काही फरक पडत नाही, म्हणून तो मांडवाबाहेर निवांत वडापाव खात असतो.)

'त्यांनी चारच ओव्हर खेळल्या, तर चारनेच भागणार ना?' हा प्रश्न मला दर वेळी विचारला जातो आणि तो मूर्खपणाचा नाही. उत्तर असं की त्यांना षटकं सहा मिळाली होती. त्यातली दोन त्यांनी विकेट घालवून वाया घालवली. ती वाया गेलेली षटकं हिशेबात धरली नाहीत, तर दोन षटकांत 24 धावांवर सर्वबाद झालेल्या संघाची गती 12 ठरेल आणि सहा षटकं टिकून 60 धावा करणाऱ्याची 10. विकेट काढणाऱ्या गोलंदाजाला शिक्षा आणि बेदरकार बॅट फिरवणाऱ्याला बक्षीस. असा हिशेब कोणाला हवा आहे? एक पुरवणीही पत्रकात घाला. फलंदाज उरले नाहीत म्हणून डाव संपला की तो सर्वबादच धरायचा, मग शेवटचा गडी घोटा मुरगळून बसलेला असो की रिक्षा पकडून घरी गेलेला.

स्कोअरिंगची ॲप आल्यापासून हे सगळं आपोआप होतं असं काही मंडळं म्हणतात. होतं, पण सामना किती षटकांचा आहे हे ॲपला आधी बरोबर सांगितलं असेल तर. उशीर झाला म्हणून सहाचा सामना चारवर आणला आणि ॲपमध्ये सहाच राहिलं, तर सर्वबाद संघाच्या नावावर सहा षटकं चढतात. यंत्र काय, जे भरवाल तेच ओकणार.

आता जिंकून देणाऱ्या फटक्याकडे येतो, कारण इथे आपले गुणलेखक हमखास धावा खातात. जिंकायला एक धाव हवी आहे आणि चेंडू सीमेपार गेला, तर लिहायच्या किती? आपल्याकडे निम्म्या वह्यांत 'एक' लिहून रेघ मारलेली असते, कारण सामना संपला. चूक. चौकार असेल तर चार, षटकार असेल तर सहा, पूर्ण लिहायच्या. त्या जास्तीच्या धावांवर संघ तरतो किंवा बुडतो.

25 मे 2014 आठवतोय? वानखेडेवर मुंबई इंडियन्स आणि राजस्थान रॉयल्स. राजस्थानच्या 189. मुंबईला नुसतं जिंकून चालणार नव्हतं; नेट रनरेटवर राजस्थानला मागे टाकून पुढे जायला 190 धावा 14.3 षटकांत हव्या होत्या. कोरी अँडरसनने 44 चेंडूंत नाबाद 95 अशी धुलाई केली, आणि बरोबर 14.3 षटकं झाली तेव्हा मुंबईच्या धावा होत्या 189. दुसरी धाव घेताना रायुडू धावचीत. अनेकांना वाटलं, संपलं, एका धावेने गेलं. पण हिशेब अजून शिल्लक होता. बरोबरी झालेली असल्यामुळे पुढच्या चेंडूवर चौकार गेला, तर 14.4 षटकांत 193 होणार होत्या, आणि 14.3 मध्ये 190 पेक्षा ती गती जास्त. हे कोणीतरी त्या दोन-चार मिनिटांच्या गोंधळात मोजलं आणि मैदानात पोहोचवलं. मुंबईचा आदित्य तरे पहिलाच चेंडू खेळायला उभा राहिला. फॉकनरचा फुलटॉस आला, तरेने तो लेगला षटकारासाठी भिरकावला, मुंबई 195. राहुल द्रविडसारख्या शांत माणसाने टोपी जमिनीवर आपटली.

आता दुसरं चित्र बघा. 5 सप्टेंबर 2023, लाहोर, आशिया कप. श्रीलंका 291. अफगाणिस्तानला पुढे जायला 292 धावा 37.1 षटकांत हव्या होत्या. महंमद नबीने 32 चेंडूंत 65 ठोकून अशक्य ते आवाक्यात आणलं. 37 षटकं झाली तेव्हा धावा 289, एका चेंडूत तीन हव्या. मुजीब झेल देऊन बाद झाला. मुजीब मटकन बसला, समोर रशीद खान हताश. सगळ्यांना वाटलं की झालं, आता नुसता सामना जिंकायचा. शेवटचा फलंदाज फारूकी आला आणि त्याने दोन चेंडू गुमान तटवले, तिसऱ्यावर पायचीत. 289 सर्वबाद, दोन धावांनी पराभव.

खरं तर संपलेलं काहीच नव्हतं. 37.4 षटकांपर्यंत 295 झाल्या असत्या तरी अफगाणिस्तान पुढे गेलं असतं. म्हणजे उरलेल्या तीन चेंडूंत एक षटकार. फारूकीने एक धाव घेऊन रशीदला समोर आणलं असतं, तर रशीदला षटकार मारायची संधी होती. वानखेडेवर तरेला जे सांगितलं गेलं, तेच लाहोरला फारूकीला कोणी सांगितलं नाही. त्यांचे प्रशिक्षक जोनाथन ट्रॉट यांनी नंतर जाहीरपणे सांगितलं की आम्हाला फक्त 37.1 षटकांचा आकडा कळवला होता, पुढचे पर्याय कोणी कळवलेच नाहीत. आंतरराष्ट्रीय सामना, टीव्हीवरचा सगळा सरंजाम, संगणक घेऊन बसलेले विश्लेषक, आणि खेळणाऱ्या माणसाच्या हाती अर्धाच आकडा.

हे तिथे होतं तर आपल्या मैदानावर काय होत असेल, असं म्हणून सोडून देऊ नका. उलट आपल्याकडे हे टाळणं सोपं आहे. सामना 36 चेंडूंचा, संघ तीन-चार, एक पाटी, एक खडू. वरच्याच गटात तिसऱ्या सामन्याचं मध्यंतर घ्या. 'अ' च्या 55 झाल्यात, 'क' ला जिंकायला 56 हव्यात. पण 'ब' ला मागे टाकून गटात पहिलं यायचं तर 'क' ला 56 धावा 12 चेंडूंत काढाव्या लागतील. धावा बरोबरीला, म्हणजे 55 वर, आणून शेवटचा फटका चौकाराचा मारला तर 14 चेंडूंपर्यंत मुभा, षटकाराचा मारला तर 15. (बारा चेंडूंत 56 कोण काढतो, असं शहरातली माणसं विचारतील. टेनिस बॉलवर, छोट्या सीमेच्या मैदानात, मी 'अशक्य' हा शब्द वापरत नाही.) या तीन ओळी पाटीवर लिहायला पाच मिनिटं लागतात. 'क' च्या कॅप्टनला ठरवू द्या की जोखीम घ्यायची की नुसता सामना जिंकायचा. ठरवायचा हक्क त्याचा आहे, आणि आकडा माहीत नसेल तर तो हक्क काय कामाचा?

दोन आकडे समोर असले की खेळ कसा रंगतो, हे आपल्याला नव्याने सांगायला नको. 22 एप्रिल 1998 ची शारजा. वाळूचं वादळ आलं, षटकं 46 झाली. ऑस्ट्रेलियाविरुद्ध जिंकायला 276, पण न्यूझीलंडला मागे टाकून अंतिम फेरी गाठायला 237 पुरेशा. सचिनने 131 चेंडूंत 143 केल्या, 237 पार झाल्या आणि हा गडी थांबला नाही, 276 च्या मागे धावला. भारत 250 वर अडला, सामना हरला आणि तरी अंतिम फेरीत गेला. अलीकडचं हवं असेल तर मे 2024 चं बंगळुरू घ्या. चेन्नईला जिंकायला 219, पुढे जायला 201, दोन्ही आकडे शेवटच्या षटकापर्यंत टीव्हीच्या पडद्यावर. चेन्नई 191 वर थांबली. हरलेल्यांनाही आपण कशाने हरलो ते त्याच क्षणी कळलं. आपल्या मांडवातही एवढं तरी व्हावं.

दिवे जाण्याबद्दल थोडं. नाइट स्पर्धेत जनरेटर दगा देतो, अर्धा तास जातो, आणि मग आयोजक सरळ त्रैराशिक मांडतात. सहा षटकांत 60, म्हणून चार षटकांत 41 करा. हा दुसऱ्यांदा फलंदाजी करणाऱ्या संघाला दिलेला नजराणा आहे. त्यांच्या हातात विकेट सगळ्या तेवढ्याच आणि षटकं कमी, मग ते पहिल्या चेंडूपासून बेधडक मारणार. पहिल्या संघाने मात्र सहा षटकं पुरवायची म्हणून विकेट राखलेल्या. आंतरराष्ट्रीय क्रिकेटनेही हे त्रैराशिक आधी वापरलं, मग 1992 च्या विश्वचषकात त्यावर उतारा म्हणून दुसराच नियम आणला, आणि त्याने आणखी वाट लावली. सिडनीच्या उपांत्य सामन्यात दक्षिण आफ्रिकेला 13 चेंडूंत 22 हव्या होत्या. पाऊस पडून गेल्यावर उरला एक चेंडू. मैदानावरच्या पाटीवर 22 झळकल्या, प्रत्यक्षात हव्या होत्या 21. पाटीसुद्धा चुकली. पुढे डकवर्थ आणि लुईस यांची पद्धत आली, जी षटकांबरोबर विकेटही मोजते. 1997 च्या पहिल्याच दिवशी हरारेत ती प्रथम वापरली गेली. आपल्या मैदानावर ती पद्धत आणा असं मी म्हणत नाही. एवढंच करा: दुसरा डाव सुरू झाल्यावर दिवे गेले तर जिथे थांबलो तिथून पुढे, आणि ते जमणारच नसेल तर सामना अनिर्णित धरून गुण वाटून द्यायचे व तो सामना नेट रनरेटमधून वगळायचा, असं आधीच लिहा.

नियमात फट ठेवली की कॅप्टन तिच्यात बोट घालणारच. 1979 च्या मे महिन्यात इंग्लंडमध्ये बेन्सन अँड हेजेस चषकात सॉमरसेटचा कॅप्टन ब्रायन रोझ याने एक षटक खेळून, बिनबाद 1 धावेवर डाव घोषित केला. ती एक धावही नो-बॉलची. गुण समान झाले तर गोलंदाजांचा स्ट्राइक रेट, म्हणजे किती चेंडूंमागे एक विकेट, हा निकष होता, आणि खेळलंच नाही तर तो बिघडणार नव्हता. दहा चेंडूंत वूस्टरशरने सामना जिंकला. पैसे मोजून आलेले प्रेक्षक चिडले, सॉमरसेटला स्पर्धेतून काढलं गेलं, आणि गंमत म्हणजे रोझने तेव्हाचा कुठलाही लिखित नियम मोडला नव्हता. वीस वर्षांनी, 1999 च्या विश्वचषकात, ऑस्ट्रेलियाने मँचेस्टरला 111 धावा काढायला मुद्दाम 40.4 षटकं घेतली. वेस्ट इंडीजचा रनरेट फार घसरू नये आणि न्यूझीलंड बाहेर जावं, असा डाव. कारण पुढच्या फेरीत नेले जाणारे गुण त्यावर अवलंबून होते. दुसऱ्या दिवशी न्यूझीलंडने स्कॉटलंडला 121 वर गुंडाळून 17.5 षटकांत सामना संपवला आणि तो डाव उधळला. आपल्याकडे एकाच गावचे दोन संघ एका गटात टाकता ना? मग शेवटचा साखळी सामना त्या दोघांत ठेवू नका. एवढं इशाऱ्यापुरतं.

आता माझं मत, आणि ते सगळ्यांना पटणार नाही हे माहीत आहे. दोनच संघांचे गुण समान असतील, तर नेट रनरेट काढूच नका. त्या दोघांतला सामना कोणी जिंकला ते पाहा. 2019 च्या विश्वचषकात पाकिस्तान आणि न्यूझीलंड दोघांचे 11 गुण, विजयही सारखे. साखळीत पाकिस्तानने न्यूझीलंडला सहा गडी राखून हरवलं होतं. तरी उपांत्य फेरीत न्यूझीलंड गेलं, कारण पाकिस्तान पहिल्याच सामन्यात वेस्ट इंडीजविरुद्ध 105 वर कोसळलं होतं आणि तो खड्डा शेवटपर्यंत भरला नाही. शेवटच्या सामन्यात त्यांनी 315 केल्या तेव्हा बांगलादेशला 7 धावांत बाद करा, अशी अट उरली होती. पन्नास षटकांच्या नऊ सामन्यांत एक वाईट दिवस इतका महाग पडतो. मग सहा षटकांच्या दोन सामन्यांत एक वाईट षटक काय करेल? शिवाय नेट रनरेटला विकेटची फिकीर नाही. नऊ गडी गमावून 20 चेंडूंत जिंकलेला संघ त्याच्या लेखी बिनबाद 21 चेंडूंत जिंकणाऱ्यापेक्षा भारी. समोरासमोरचा निकाल निदान मैदानात सगळ्यांच्या देखत लागलेला असतो. तीन संघ फिरून-फिरून अडकले, वरच्या अ-ब-क सारखे, तर मग नेट रनरेटला इलाज नाही. तिथे तो लावाच, पण नीट.

वॉकओव्हरचंही लिहून ठेवा. न आलेल्या संघाच्या हिशेबात पूर्ण षटकं आणि शून्य धावा धरायच्या. वाट बघत बसलेल्या संघाचा रनरेट जिथे होता तिथेच ठेवायचा. आंतरराष्ट्रीय नियम असाच आहे. नाहीतर 'आम्हाला खेळायलाच मिळालं नाही, रनरेट कसा वाढवणार' हे गाऱ्हाणं ऐकायची तयारी ठेवा, आणि ते रास्त आहे.

समालोचक दादांना जाता जाता एक विनंती. शेवटच्या दोन षटकांत 'आवश्यक धावगती साडेतेरा' म्हणण्यात काही अर्थ नसतो. '12 चेंडूंत 27' म्हणा, चिमुरड्या पोरालाही कळेल. फलंदाजाचा स्ट्राइक रेट सांगताना वाइड त्याच्या चेंडूंत धरू नका, पण नो-बॉल धरा. गोलंदाजाच्या खात्यात वाइड आणि नो-बॉलच्या धावा जातात, बाय आणि लेगबायच्या जात नाहीत, म्हणून सगळ्या गोलंदाजांच्या धावांची बेरीज संघाच्या धावसंख्येशी जुळली नाही तर गुणलेखकाकडे संशयाने बघू नका. दुचाकी कोणाला द्यायची हे तुम्ही याच आकड्यांवरून ठरवता.

आणि मंडळांना एक शेवटची मागणी. गुणलेखकाचं टेबल पंचांच्या खुणा सरळ दिसतील अशा जागी आणि स्पीकरच्या भिंतीपासून लांब मांडा. टेबलावर दोन माणसं द्या, एक वहीवर, एक ॲपवर, म्हणजे दर षटकाला ताळा होतो. साखळीच्या शेवटच्या सामन्यांत मध्यंतराची पाच मिनिटं कोणाचाही सत्कार टेबलासमोर ठेवू नका. शाल-श्रीफळ उपांत्य फेरीआधी द्या, हवं तर आम्हीही टाळ्या वाजवू. त्या पाच मिनिटांत आम्हाला चेंडू मोजून पाटी लिहायची असते.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक गुणलेखक